‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ पाहिल्यावर लोक काय काय विचारतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या छोट्या फिल्म क्लबात हा माहितीपट आजवर तीनदा दाखवला. दर वेळी दिवे लागल्यावर दोन मिनिटं कोणी बोलत नाही, आणि मग चहा गार होईपर्यंत कोणी थांबत नाही. घरी गेल्यावर व्हॉट्सअॅपवर येणारे प्रश्न आणखी वेगळेच. त्यातले फिरून फिरून येणारे इथे एकत्र केलेत. काही उत्तरांत मतं आहेत, ती माझी. क्लबातल्या सगळ्यांना ती मान्य नाहीत, हे आधीच सांगते.

१. हा सिनेमा नेमका कोणावर आहे? मी या गायकाचं नावही ऐकलं नव्हतं.

तुम्ही ऐकलं नव्हतं, इथूनच गोष्ट सुरू होते. सिक्स्टो रॉड्रिगेज, जन्म १९४२, गाव डेट्रॉइट. आईवडील मेक्सिकोतून आलेले. सहावं अपत्य म्हणून नाव सिक्स्टो. १९७० मध्ये ‘कोल्ड फॅक्ट’ आणि १९७१ मध्ये ‘कमिंग फ्रॉम रिअॅलिटी’ असे त्याचे दोन अल्बम आले. अमेरिकेत दोन्ही सपशेल पडले. कंपनीने त्याला सोडलं आणि तो जुनी घरं पाडायच्या, दुरुस्त करायच्या कामाला लागला. इकडे दक्षिण आफ्रिकेत मात्र त्याच्या रेकॉर्ड घरोघरी वाजत होत्या, आणि याचा त्याला पत्ता नव्हता. तिथल्या दोन चाहत्यांनी त्याचा शोध कसा घेतला, ते हा माहितीपट सांगतो. दिग्दर्शक मलिक बेंजलूल हा स्वीडनचा. सिनेमा २०१२ मध्ये आला, लांबी ८६ मिनिटं.

२. बघण्याआधी हे पान वाचलं तर मजा जाईल का?

जाईल. इथेच थांबा, सिनेमा बघा आणि मग परत या. त्याची अर्धी ताकद ‘पुढे काय’ यावर उभी आहे, आणि प्रश्न ६ पासून पुढे मी काहीही लपवलेलं नाही.

३. इंग्रजी फारसं येत नाही. आणि आठवी-नववीतल्या मुलांना दाखवला तर चालेल का?

सबटायटल लावा, अडचण येणार नाही. बोलणारे सावकाश बोलतात आणि बराचसा सिनेमा गाण्यांवरच चालतो. मुलांचं म्हणाल, तर ज्या गाण्यावरून सिनेमाला नाव पडलं त्यातला ‘शुगर मॅन’ म्हणजे अमली पदार्थ विकणारा माणूस. आत्महत्येच्या अफवांची वर्णनंही आहेत. आमच्याकडे एक बाई नववीतल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, घरी गेल्यावर दोघी तासभर बोलत बसल्या. सोबत बसून बघायचा असेल तर माझी हरकत नाही.

४. याला रॉक म्हणायचं का? मला तर गिटार घेऊन गाणारा कवी वाटला.

दोन्ही बरोबर. दुकानात तो फोक-रॉकच्या खणात मिळेल. आवाज आणि शब्द एकट्या गिटारवाल्याचे, पण ‘कोल्ड फॅक्ट’ करणारे डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर डेट्रॉइटच्या सोल संगीतात मुरलेले. त्यामुळे मागे कुठे तंतुवाद्यांचा ताफा येतो, तर कुठे चिरचिरणारी इलेक्ट्रिक गिटार. दुसरा अल्बम लंडनला स्टीव्ह रोलंडने केला, तो जास्त मऊ आहे. कॉफी आणि थिओडोर यांनी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते नदीकाठच्या, धुराने भरलेल्या बारमध्ये. प्रेक्षकांकडे पाठ करून गात होता. बारचं नाव ‘द सूअर’, म्हणजे गटार. इतकं चपखल नाव कादंबरीकाराला सुचलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा जास्त झालं.

५. एका देशात घराघरात आणि स्वतःच्या देशात कोणाला माहीत नाही, हे शक्य तरी आहे का? मला पटतच नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. इंटरनेटच्या आधीचा काळ विसरलो की ते अशक्य वाटतं. त्यावर दक्षिण आफ्रिकेची खास परिस्थिती चढवा.

वर्णद्वेषी राजवटीमुळे तो देश जगापासून तुटलेला होता. बाहेरचे कलाकार तिथे जायचे नाहीत. टीव्हीसुद्धा तिथे १९७६ मध्ये आला. रेडिओ सरकारी. गोऱ्या तरुणांना सक्तीने सैन्यात जावं लागायचं. घरात वडील, शाळेत मास्तर, चर्चमध्ये पाद्री, सगळे ‘गप्प बस’ म्हणणारे. अशा पोरांच्या हाती एक रेकॉर्ड पडते. तिच्यात कोणीतरी व्यवस्थेला सरळ शिव्या घालतोय, सेक्सबद्दल विचारतोय, ड्रग्जबद्दल गातोय. सिनेमात एक जण म्हणतो की त्या काळी गोऱ्या मध्यमवर्गीय घरात तीन रेकॉर्ड हमखास सापडायच्या. त्यात बीटल्सच्या आणि सायमन-गारफंकलच्या जोडीने तिसरी ‘कोल्ड फॅक्ट’. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा अमेरिकेत केवढा मोठा असेल! विचारायचं कोणाला? आणि अमेरिकेतल्या कोणी इकडे विचारायचं कारणच नव्हतं.

एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. सरकारी रेडिओच्या संग्रहालयात एक बाई कपाटातून जुनी एलपी काढतात, पाकिटातून अलगद बाहेर घेतात आणि तबकडी उजेडात तिरकी धरतात. ‘शुगर मॅन’ गाण्याच्या पट्ट्यावर टोकदार हत्याराने आडवेतिडवे ओरखडे ओढलेले दिसतात. चुकून कोणा निवेदकाने लावलंच, तरी सुई घसरून पुढे जावी म्हणून. नुसत्या बंदीच्या कागदावर विश्वास नव्हता, म्हणून कोणीतरी बसून, हाताने, एकेक तबकडी खरवडली. सेन्सॉरशिप म्हणजे काय ते मला त्या ओरखड्यांनी जेवढं समजलं तेवढं लेख वाचून समजलं नव्हतं.

६. त्याने स्टेजवर स्वतःला पेटवून घेतलं, ही गोष्ट लोकांना खरी कशी वाटली?

दक्षिण आफ्रिकेत या अफवेच्या दोन आवृत्त्या होत्या. एक पेटवून घेतल्याची, दुसरी गाणं संपवून स्वतःला गोळी घातल्याची. मुलाखत नाही, नवा अल्बम नाही, रेकॉर्डच्या पाकिटावर गॉगल आणि हॅट घातलेला एक अनोळखी माणूस. रिकामी जागा राहिली की लोक ती भरतातच. त्यातून सत्तरच्या दशकात रॉकवाल्यांच्या अकाली मृत्यूंची रांगच लागली होती, त्यामुळे आणखी एक सहज खपला. गंमत म्हणजे याच सुमारास दुसऱ्या एका देशात हा माणूस चांगला जिवंत उभा राहून गात होता. ते प्रश्न ९ मध्ये.

७. शोध नेमका कसा लागला? तो भाग भराभर गेला, नीट कळलं नाही.

केपटाऊनच्या स्टीफन सेगरमनचं टोपणनावच ‘शुगर’, याच गाण्यामुळे पडलेलं. १९९६ मध्ये दुसरा अल्बम तिथे सीडीवर निघाला तेव्हा त्यातल्या मजकुरात त्याने लिहिलं की या गायकाबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही, कोणी संगीतातला गुप्तहेर आहे का? ते वाचून पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू-स्ट्रायडम कामाला लागला. आधी तो पैशांच्या मागावर गेला, रॉयल्टी कुठे जाते ते शोधत. तिथे भिंत लागली. मग गाण्यांचे शब्द चाळताना एका ओळीत डिअरबॉर्न हे गाव सापडलं. नकाशा उघडला, तर ते डेट्रॉइटला खेटून. तिथून धागा निर्माता माइक थिओडोरपर्यंत पोचला. रॉड्रिगेज मेला कसा, हे त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मेला? तो तर इथेच आहे!

दुसऱ्या बाजूने, चाहत्यांनी काढलेल्या वेबसाइटवर १९९७ मध्ये थोरली मुलगी इव्हाने लिहिलं, हे माझे वडील. मग एका रात्री सेगरमनच्या घरचा फोन वाजला. पलीकडे स्वतः रॉड्रिगेज होता, आणि १९९८ मध्ये तो केपटाऊनला गायला आला.

आमच्याकडे एका प्रेक्षकाने टोमणा मारला होता: सगळ्या गाण्यांतली गावं आधीच का नाही तपासली? खरंय, वीस वर्षं ती ओळ सगळे गुणगुणत होते. पण पाठ झालेल्या गाण्याचे शब्द आपण ऐकत नाही. आरती म्हणताना ‘फळीवर वंदना’ म्हणणारे आपण, आपण काय बोलणार.

८. अर्धा सिनेमा होईपर्यंत तो दिसतच नाही, आणि दिसल्यावर बोलत नाही. मुलाखत फसली का?

काहींना तसं वाटतं. मला तो सिनेमातला सर्वांत चांगला भाग वाटतो. डेट्रॉइटचं एक जुनं घर, बाहेर थंडी. खिडकीची काच हळूच वर सरकते आणि आत काळा चष्मा घातलेला माणूस. इतका वेळ ज्याच्या मरणाच्या कथा ऐकल्या, तो. तुम्ही इतके प्रसिद्ध होता हे आधी कळलं असतं तर आवडलं असतं का, असं दिग्दर्शक विचारतो. यावर काय बोलावं ते त्याला सुचत नाही. दुसऱ्या कोणा संकलकाने ती शांतता कापली असती. बेंजलूलने ठेवली.

त्याच्याबद्दल बोलायचं काम इतरांवर येतं, आणि तिथे बांधकामावरचा सोबती रिक एमर्सन सगळ्यांना खाऊन टाकतो. तो सांगतो, हा घाण काढायच्या, राबराब राबायच्या कामावर टक्सिडो घालून यायचा. तीनही खेळांना याच वाक्याला हॉलमध्ये कोणीतरी ‘वा!’ म्हणालं. मुलींच्या आठवणीही तशाच. दक्षिण आफ्रिकेत विमानतळावर लिमोझिन उभ्या होत्या, तर आपल्यासाठी नसतील म्हणून ही मंडळी बाजूने निघाली. हॉटेलात मोठा पलंग सोडून हा कोचावर झोपला, खोली आवरणाऱ्या बाईला काम वाढू नये म्हणून.

९. माझा मुलगा मेलबर्नला असतो. तो म्हणाला, “आई, इथे याला सगळे ओळखतात.” मग सिनेमा खोटा आहे का?

हा प्रश्न पहिल्या खेळानंतर आठवड्याभराने एका काकूंनी पाठवला, आणि मी खरोखर गप्प बसले. कारण मुलगा बरोबर होता.

ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकात आयात झालेल्या प्रती फिरत होत्या, रेडिओवर गाणी वाजत होती. तिथल्या एका कंपनीने उरलेला माल उचलला आणि १९७७ मध्ये निवडक गाण्यांचा अल्बमही काढला. १९७९ मध्ये रॉड्रिगेज स्वतः तिकडे गेला, दौरा केला. १९८१ मध्ये पुन्हा गेला, या वेळी मिडनाइट ऑइल या तिथल्या जोरात असलेल्या बँडबरोबर. त्याच वर्षी १९७९ च्या दौऱ्यातल्या कार्यक्रमांचा अल्बम निघाला. नाव होतं ‘अलाइव्ह’, म्हणजे जिवंत. मेल्याच्या अफवांना दिलेलं उत्तरच ते. एक समुद्र ओलांडून केपटाऊनमध्ये मात्र लोक त्याने स्वतःला कसं जाळून घेतलं ते एकमेकांना सांगत होते.

यातलं अवाक्षरही सिनेमात नाही. पडद्यावर १९७१ नंतर दार बंद होतं आणि १९९८ मध्ये उघडतं.

समर्थक म्हणतात, ही दक्षिण आफ्रिकेतल्या चाहत्यांची गोष्ट आहे. त्यांना जे ठाऊक नव्हतं ते सिनेमानेही सांगू नये, यात काय चुकलं? मला हे अर्धंच पटतं. चाहत्यांच्या अज्ञानाबद्दलचं एकही वाक्य त्यामुळे खोटं ठरत नाही. पण केपटाऊनच्या त्या मैफलीकडे आपण डोळे पुसत बघतो ते, आयुष्यात पहिल्यांदाच या माणसाला हजारो लोक टाळ्या वाजवतायत, असं समजून. तसं समजावं अशीच मांडणी आहे. दिग्दर्शकाने आपल्याला खोटं सांगितलं नाही, खोटं समजू दिलं. आमच्याकडे वकिली केलेले एक सभासद आहेत, त्यांच्या मते या दोन्हीत काडीचाही फरक नाही. माझ्या मते आहे, पण फार नाही.

एवढं नक्की, की ऑस्ट्रेलिया घातलं असतं तरी गोष्ट मेली नसती. उलट, दोनदा विमानात बसवून नेतात, हजारो लोक डोक्यावर घेतात, आणि परतल्यावर सोमवारी पुन्हा भिंती पाडायला जायचं, हे मला जास्त विलक्षण वाटतं. तो सिनेमा बघायला मी पुन्हा तिकीट काढलं असतं.

१०. अहो, पण पैसे कुठे गेले?

हे वाक्य जसंच्या तसं, बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं. दिवे लागायच्या आत उठून विचारलं होतं.

सिनेमाचं म्हणणं असं: दक्षिण आफ्रिकेतल्या कंपन्या सांगतात की आम्ही रॉयल्टी अमेरिकेला पाठवली. अमेरिकेतली मूळ कंपनी ससेक्स रेकॉर्ड्स १९७५ मध्येच बंद पडलेली. रॉड्रिगेजला त्या विक्रीतलं काही मिळालं नाही. मधल्या वाटेत काय झालं त्याचा हिशेब सिनेमा लावत नाही, नुसती एक मुलाखत दाखवून सोडतो (प्रश्न ११).

पुढची गुंतागुंत सिनेमा आल्यावर बाहेर पडली. ‘कोल्ड फॅक्ट’वर गीतकार म्हणून ‘जीझस रॉड्रिगेज’ आणि ‘सिक्स्थ प्रिन्स’ अशी नावं छापली आहेत. २०१४ मध्ये गोम्बा म्युझिक या प्रकाशन कंपनीने मिशिगनच्या न्यायालयात दावा लावला. रॉड्रिगेज १९६६ पासून आमच्याशी करारात बांधलेला होता आणि ती गोष्ट झाकायला ही नावं वापरली, असा आरोप. म्हणजे ‘गरीब बिचारा गायक विरुद्ध लबाड कंपनी’ एवढं सरळ प्रकरण नव्हतं. कराराच्या कागदांचे थरावर थर होते.

सिनेमामुळे मात्र पैसे आले. साउंडट्रॅकच्या विक्रीतून रॉड्रिगेजला रॉयल्टी मिळते, असं पाकिटावरच छापलं होतं. अशी ओळ छापावी लागते यातच सगळं आलं. ऑस्ट्रेलियातल्या दौऱ्यांचं मानधन वेगळं, ते धरलं तर ‘त्याला संगीतातून कधीच काही मिळालं नाही’ हे विधान टिकत नाही.

११. तो चिडणारा कंपनीवाला खरंच चोर आहे का?

क्लॅरेन्स अॅव्हांट. त्या दृश्यात आधी तो भरभरून बोलतो, रॉड्रिगेजला आपल्या सर्वांत आवडत्या कलाकारांत बसवतो. पैशांचा विषय निघाला की आवाज चढतो: १९७०च्या कराराची काळजी मी आज करू का? हॉलमध्ये लोक ‘च्च’ करतात. प्रेक्षकांना खलनायक मिळतो.

जपून. हा माणूस म्हणजे अमेरिकन संगीतव्यवसायातलं मोठं प्रस्थ. गायक बिल विदर्सला संधी देणारी कंपनी त्याचीच. कृष्णवर्णीय कलाकार आणि उद्योजकांच्या दोन पिढ्या त्याला गुरू मानत. २०२१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. याने तो निर्दोष ठरत नाही. पण एका म्हाताऱ्या माणसाचा राग म्हणजे पुरावा नव्हे, आणि बेंजलूलने कागद न दाखवता चेहरा दाखवला. मला हा सिनेमाचा सर्वांत आळशी भाग वाटतो. गंमत बघा, रॉड्रिगेज ८ ऑगस्ट २०२३ ला गेला आणि अॅव्हांट त्यानंतर पाचच दिवसांनी.

१२. पाच लाख प्रती खपल्या हा आकडा खरा का?

अंदाज आहे, तोही कंपनीतल्या माणसाने कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता दिलेला. ‘खूप खपल्या’ एवढंच समजा. घरी केलेल्या कॅसेट तर कोणीच मोजल्या नव्हत्या.

१३. दक्षिण आफ्रिकेवरचा सिनेमा, आणि काळी माणसं कुठे आहेत?

जवळपास नाहीत. जुन्या चित्रफितींत मोर्चे आहेत, पोलिसांचे कुत्रे आहेत, बोलणारे चेहरे मात्र गोरेच. ही तक्रार मी शंभर टक्के मान्य करते.

रॉड्रिगेजची गाणी तिथल्या गोऱ्या, त्यातही मध्यमवर्गीय तरुणांची होती. आफ्रिकान्स भाषेत व्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्या कोस कोम्ब्यूस, विलेम मोलर यांना त्याने वाट दाखवली, हे ते स्वतः सांगतात आणि ते महत्त्वाचं आहे. सत्ताधाऱ्यांच्याच घरातली पोरं बंड करू लागली, ही लहान गोष्ट नाही. पण कृष्णवर्णीय आंदोलकांवरचा शार्पव्हिलचा गोळीबार १९६० चा, सोवेटोचा १९७६ चा. तिथे गोळ्या खाल्लेल्यांच्या हातात ‘कोल्ड फॅक्ट’ नव्हती. काही वाक्यं ऐकताना या एका अल्बमने वर्णद्वेष हलवला असं वाटतं, तेव्हा जरा सावधपणे ऐकावं. मैफलीच्या दृश्यात प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरतो तेव्हा नीट बघा, १९९८ साल आहे, मंडेला राष्ट्राध्यक्ष आहेत, आणि समोरची गर्दी कशी आहे.

१४. तीन मुली दिसतात, बायको कुठेच नाही. का?

सिनेमा विचारतच नाही. तीन मुली, दोन लग्नं. आयांचा उल्लेख नाही. एकटा, निःसंग, संतासारखा माणूस उभा करायचा असेल तर संसार अडचणीचा होतो. आपल्याकडच्या संतचरित्रांतही बायकांचं असंच होतं, निदान आवलीला भांडायला तरी जागा मिळाली.

१५. हा सिनेमा म्हणे मोबाइलवर काढलाय?

पूर्ण नाही. बहुतेक चित्रीकरण सुपर-८ फिल्मवर आणि नेहमीच्या कॅमेऱ्यांवर झालं होतं. पैसे संपले, फिल्मचा खर्च परवडेना, तेव्हा राहिलेले काही तुकडे बेंजलूलने आयफोनवर, सुपर-८ सारखा पोत देणारं एक-दोन डॉलरचं अॅप घेऊन टिपले. रेखाटनांची काही दृश्यंही त्याने स्वतःच चितारली. कुठले तुकडे फोनवरचे, यावर आमच्याकडे पैज लागली होती. कोणालाच ओळखता आलं नाही.

केपटाऊनची मैफल मात्र त्याने टिपलेली नाही. ती १९९८ ची, आणि तो सेगरमनला भेटला २००६ मध्ये. त्या दौऱ्यावर दक्षिण आफ्रिकेतच आधी एक टीव्ही माहितीपट झाला होता, त्याच्या नावाचा अर्थच ‘मेलेली माणसं दौरे करत नाहीत’.

१६. ऑस्कर मिळण्याइतका मोठा आहे का? आणि रॉड्रिगेज घ्यायला का नाही गेला?

२४ फेब्रुवारी २०१३ ला मिळालं. त्याआधी सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांचा पुरस्कार आणि ब्रिटनचा बाफ्टाही. त्या वर्षी ऑस्करच्या यादीत समोर कोण होते ते बघा: दोन माहितीपट इस्रायल-पॅलेस्टाइनवर, एक एड्सच्या आंदोलनावर, एक अमेरिकी सैन्यातल्या लैंगिक अत्याचारांवर. त्यांच्या मानाने हा हलका, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पत्रकारितेच्या मापाने त्यांचं बरोबर (प्रश्न ९ आणि ११ वाचलेत ना?). पण गोष्ट सांगण्याच्या कलेत त्या पाचांत हा कमी नव्हता.

रॉड्रिगेज गेला नाही, कारण श्रेय सिनेमा करणाऱ्यांचं आहे, ते आपल्याकडे वळू नये असं त्याला वाटलं. निर्माता सायमन चिन याने स्टेजवरूनच हे सांगितलं.

१७. दिग्दर्शकाने पुढे काय केलं?

दुसरा सिनेमा झाला नाही. १३ मे २०१४ ला स्टॉकहोममध्ये मलिक बेंजलूलने आत्महत्या केली. वय ३६. हे माहीत असताना सिनेमातल्या आत्महत्येच्या अफवा वेगळ्या ऐकू येतात, म्हणून आम्ही हे खेळानंतरच सांगतो. त्याच्या मृत्यूची कारणं काय असतील यावरचे तर्क मला पाठवू नका, इथे छापणार नाही.

१८. आणि रॉड्रिगेजचं?

म्हातारपणी जगभर गायला. अमेरिकन टीव्हीवर, ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात, मोठमोठ्या सभागृहांत. काचबिंदूमुळे दिसणं जवळजवळ गेलं होतं, मुली हाताला धरून स्टेजवर आणायच्या. ज्या वेन स्टेट विद्यापीठातून त्याने १९८१ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतली होती, त्यांनी २०१३ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. स्टुडिओत केलेला तिसरा अल्बम शेवटपर्यंत आला नाही. वय ८१ असताना गेला, तारीख प्रश्न ११ मध्ये आली आहे.

१९. एवढ्या चुका माहीत झाल्यावर पुन्हा बघवतो का?

मी चार-पाचदा बघितलाय. दर वेळी ठरवते की या खेपेला टीकाकाराच्या नजरेने बघायचं. मग केपटाऊनजवळच्या बेलव्हिलचं ते मैफलीचं सभागृह येतं, ६ मार्च १९९८. पाच हजार लोक. मागे वाजवणारे वादक त्याच्याच गाण्यांवर वाढलेले. ‘आय वंडर’चा बास सुरू होतो, आणि किंचाळ्या काही केल्या थांबत नाहीत. तो नुसता उभा. घाबरलेला नाही, हुरळलेला नाही, ओळखीच्या गल्लीत आल्यासारखा. मला जिवंत ठेवल्याबद्दल आभार, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. ऑस्ट्रेलिया आठवत असतं, तरी माझ्या घशात आवंढा येतो. काकूंनाही विचारलं, त्यांचंही तेच. मेलबर्नच्या मुलाने म्हणे अजून बघितलेला नाही.

२०. फक्त गाणी ऐकायची असतील तर कुठून सुरू करू?

‘कोल्ड फॅक्ट’ आधी, सलग, पहिल्यापासून. मग दुसऱ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, ‘कॉज’. त्याची सुरुवात नाताळच्या दोन आठवडे आधी नोकरी गेल्यावर होते. गाणं बाहेर आलं १९७१ मध्ये, आणि त्याच वर्षी नाताळच्या दोन आठवडे आधी ससेक्सने त्याला काढून टाकलं.